कॅनॉटचा वारस आणि आपले दत्तक

आपल्या मंडळाच्या त्रैमासिकाच्या गेल्या अंकात इंग्लंडमधील सरदारी पदव्यांच्या वारसाहक्काविषयी एक परिश्रमपूर्वक लिहिलेला निबंध प्रसिद्ध झाला आहे. त्यातील माहितीबद्दल लेखकमहाशयांचे ऋण मान्य करूनच त्यांच्या निष्कर्षाशी मला उघड भांडण करावयाचे आहे. निष्कर्ष थोडक्यात असा, की इंग्रजांनी वारसाहक्क रक्ताच्या आणि नियमाच्या चौकटीत घट्ट बसविला म्हणून त्यांची घराणी शतकानुशतके टिकली. मराठी संस्थानिकांनी मात्र वंश खुंटला की दत्तकाची पळवाट धरली आणि त्यामुळे गाद्यांचे तेज गेले.

हे मत एकट्या निबंधलेखकांचे असते तर मी लेखणी उचलली नसती. आपल्या जुन्या घरांच्या ओसरीवर ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ग्वाल्हेरच्या नातेवाइकांकडे ऐकले, इंदूरला ऐकले, बडोद्यात तर पुष्कळच ऐकले. ‘साहेबाकडे असे नव्हते’ हे त्या संभाषणाचे ठरलेले पालुपद असे. साहेबाकडे नेमके कसे होते, हे मात्र कोणी कधी पाहिले नाही. ते आता पाहू.

त्यासाठी मी ड्यूक ऑफ कॅनॉट ही पदवी निवडतो, कारण तिचे नाव आपल्या परिचयाचे आहे. दिल्लीच्या बाजारपेठेला ते आहे, पुण्यात त्या नावाचा रस्ता आहे. हा कॅनॉट म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा तिसरा मुलगा आर्थर. त्याचा जन्म १ मे १८५० चा. वेलिंग्टनचा ड्यूकही १ मे रोजीच जन्मलेला, म्हणून तोच मुलाचा धर्मपिता झाला आणि त्याचेच नाव मुलाला मिळाले. वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा राहिलेला आर्थर वेलस्ली. त्याचा हा धर्मपुत्र १८८६ च्या अखेरीस मुंबई फौजेचा सरसेनापती म्हणून पुण्यास आला आणि १८९० पर्यंत त्या पदावर होता. पुढे फेब्रुवारी १९२१ मध्ये दिल्लीस नरेंद्रमंडळाचे उद्घाटन त्याच्याच हस्ते झाले. ज्या कायदेमंडळाच्या इमारतीस आपण नंतर संसद भवन म्हणू लागलो आणि २०२३ पासून जिला संविधान सदन म्हणतात, तिची कोनशिलाही त्यानेच बसविली.

१८७४ मध्ये आईने त्याला ड्यूकची पदवी दिली. कॅनॉट हा आयर्लंडचा पश्चिमेकडील प्रांत. पदवीबरोबर त्या प्रांतातील एक बिघा जमीन, एक गाव किंवा एक पैशाचा वसूल त्याच्याकडे आला नाही. इंग्लंडच्या राजघराण्यातील बहुतेक ड्यूकपदे अशीच कागदी असतात. कॉर्नवॉल आणि लँकेस्टर हे दोन अपवाद. त्यांना खरोखरच जमीनजुमला आहे. बाकीच्यांच्या बाबतीत राजमुद्रा उमटवलेली एक सनद, तीत पदवीचे नाव आणि पदवी पुढे कोणाकडे जावी याविषयीचे एक कलम, एवढाच सगळा ऐवज. त्या कलमाची ठरावीक भाषा अशी, की पदवी मूळ धारकाच्या औरस पुरुष संततीकडे जाईल. मुलीकडे नाही, मुलीच्या मुलाकडे नाही, दत्तकाकडे तर मुळीच नाही. निबंधलेखकांनी ज्याला इंग्रजांचा रक्ताचा नियम म्हटले आहे तो हा.

आता या नियमाने कॅनॉटच्या घराण्याचे काय केले ते पाहा. ड्यूकला एक मुलगा आणि दोन मुली. मुलगा प्रिन्स आर्थर १९३८ मध्ये वडिलांच्या आधीच वारला. त्याला एकच मुलगा, अॅलास्टर. हा १९१४ मध्ये जन्मला तेव्हा राजपुत्र होता. परंतु १९१७ मध्ये पंचम जॉर्जने राजपुत्र कोणास म्हणावे याची व्याख्या एका नव्या सनदेने आखडती केली आणि तीन वर्षांचा अॅलास्टर एका दिवसात राजपुत्राचा साधा सरदारपुत्र झाला. रक्त होते तेच राहिले, बदलला तो कागद. म्हातारे ड्यूक जानेवारी १९४२ मध्ये एक्क्याण्णवाव्या वर्षी वारले आणि अॅलास्टर दुसरा ड्यूक झाला. तो कॅनडात गव्हर्नर जनरलच्या तैनातीत होता. एप्रिल १९४३ मध्ये ओटावा येथे आपल्या खोलीत, उघड्या खिडकीपाशी, थंडीने गारठून तो मेला. वय अठ्ठावीस, अविवाहित. ड्यूकपद त्याच्याबरोबर संपले.

संपले, म्हणजे वंश संपला काय? मुळीच नाही. पहिल्या ड्यूकची धाकटी मुलगी पॅट्रिशिया १९७४ पर्यंत जिवंत होती. थोरली मुलगी मार्गारेट स्वीडनच्या युवराजाला दिली होती. ती १९२० मध्ये वारली, पण स्वीडनचा आजचा राजा सोळावा कार्ल गुस्ताफ हा तिचा नातू, आणि जानेवारी २०२४ मध्ये डेन्मार्कच्या गादीवर आलेला दहावा फ्रेडरिक हा तिच्या मुलीचा नातू. म्हणजे कॅनॉटच्या ड्यूकचे रक्त युरोपातील दोन सिंहासनांवर बसले आहे, आणि इंग्रजी सनदेच्या दृष्टीने मात्र तो निपुत्रिक आणि निर्वंश. याला रक्ताचा नियम म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. मला तो फक्त कागदाचा नियम दिसतो.

आणि कागद बदलता येतो. तोही याच घरात बदलला गेला. अॅलास्टरची आई अलेक्झांड्रा स्वतःच्या हक्काने फाइफची डचेस होती. तिचे वडील अर्ल ऑफ फाइफ यांनी १८८९ मध्ये युवराज एडवर्डच्या थोरल्या मुलीशी, म्हणजे व्हिक्टोरियाच्या नातीशी, लग्न केले. दोनच दिवसांत त्यांना ड्यूक करण्यात आले, कलम नेहमीचेच. पुढे दोन मुली झाल्या. वारस होईल असा मुलगा राहिला नाही. तेव्हा राणीने काय केले? नियम तो नियम म्हणून हात जोडून बसली? १९०० मध्ये तिने त्याच नावाच्या ड्यूकपदाची दुसरी सनद काढली आणि तीत मुलींना व त्यांच्या मुलांना वारस करणारे खास कलम घातले. डिसेंबर १९११ मध्ये, इकडे दिल्ली दरबार भरला होता त्याच महिन्यात, ‘दिल्ली’ नावाचेच जहाज मोरोक्कोच्या किनाऱ्यावर फुटून हे कुटुंब समुद्रात भिजले. फाइफचे ड्यूक जानेवारीत इजिप्तमध्ये वारले आणि मुलगी गादीवर, म्हणजे पदवीवर आली. १९५९ मध्ये ती वारल्यावर पदवी तिच्या बहिणीच्या मुलाकडे गेली. ते घराणे आजही चालू आहे. नवरा-बायको एकाच छपराखाली राहत होती. नवऱ्याकडची पदवी बुडाली, बायकोकडची तरली. फरक पडला तो एका कारकुनाने उतरून काढलेल्या दोन ओळींचा. माझी उभी हयात महसूल खात्यात गेली. शासनाच्या ठरावातील दोन ओळींनी कोणाचे घर राहते आणि कोणाचे बुडते हे मी पुरेसे पाहिले आहे, म्हणून मला याचे आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटते ते याला कोणी दैवी शिस्त समजतो याचे.

निबंधलेखक म्हणतात की परक्या घरातून पोर आणून गादीवर बसविण्याची लाजिरवाणी प्रथा इंग्रजी राजघराण्यात नव्हती. इथेही कॅनॉटचेच उदाहरण देतो. जर्मनीतील सॅक्स-कोबर्गचे राज्य हे व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचे माहेर म्हणा. १८९९ मध्ये तेथील राजपुत्र वारला आणि पुढचा हक्क कॅनॉटकडे आला. त्याने आणि त्याच्या मुलाने तो सोडला. मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी ईटनच्या शाळेत शिकणारा एक मुलगा निवडला. हा व्हिक्टोरियाचा दुसरा नातू, ड्यूक ऑफ अल्बनी चार्ल्स एडवर्ड, वय पंधराच्या आसपास. त्याला उचलून जर्मनीत नेले, आणि १९०० मध्ये तो तेथला राजा झाला. रक्ताचे नाते होते हे खरे. पण आपले दत्तकही बहुतेक भाऊबंदांतलेच असत, वाटेवरून उचललेले नसत. या मुलाला त्याचे फळ काय मिळाले? पहिल्या महायुद्धात तो जर्मनीच्या बाजूस राहिला, राहणारच. १९१७ मध्ये पार्लमेंटने पदव्या हिरावून घेण्याचा कायदा केला आणि १९१९ मध्ये त्याची अल्बनीची पदवी व हॅनोव्हर घराण्याची कंबरलँडची पदवी काढून घेतली गेली. जन्मतःच मिळालेली औरस पदवी. तीही कागदानेच गेली.

यॉर्कविषयी थोडक्यात आटोपतो. १३८५ मध्ये निर्माण झालेले हे ड्यूकपद १४६१ मध्ये चौथा एडवर्ड राजा झाल्यावर मुकुटात विलीन झाले. त्यानंतर ते अनेकदा नव्याने दिले गेले, आणि एकदाही बापाकडून मुलाकडे गेलेले नाही. धारक एक तर राजा झाला किंवा मुलगा मागे न ठेवता वारला. गंमत अशी, की ज्या यॉर्क घराण्याने पंधराव्या शतकात सिंहासनासाठी यादवी युद्ध पेटविले त्याचा वरचढ हक्क स्त्रीच्या बाजूने आलेला होता! पेशवाईतल्या भाऊबंदकीवर बोट ठेवणाऱ्यांनी त्या युद्धातील मुंडकी मोजावीत. शेवटचे यॉर्कपद १९८६ मध्ये प्रिन्स अँड्र्यूला मिळाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये राजाने त्याच्या पदव्या काढून घेण्याची कारवाई सुरू केली आणि सरदारांच्या नोंदवहीतून त्याचे नाव कमी झाले. त्याला मुलीच आहेत, तेव्हा त्याच्यानंतर काय होणार हा प्रश्न तसाही उरलेला नव्हता. एडिंबरोच्या ड्यूकपदाने तर वारसाचा घोळच मिटविला. २०२३ मध्ये ते प्रिन्स एडवर्डला दिले ते केवळ हयातीपुरते. त्याला मुलगा असूनही!

एवढे झाल्यावर आपल्या घराकडे वळतो, कारण खरे भांडण तिथले आहे.

कॅनॉटची पदवी बुडाली तेव्हा एकाही माणसाच्या ताटातली भाकरी कमी झाली नाही. तेच औरस पुत्राचे मोजमाप लॉर्ड डलहौसीने आपल्याकडे लावले तेव्हा मात्र राज्ये बुडाली. १८४८ मध्ये सातारा, १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष पाच वर्षांच्या मुलाला मांडीवर घेतले. कलकत्त्याचा निर्णय काय आला? खासगी मालमत्तेपुरता दत्तक मान्य, राज्यापुरता अमान्य. म्हणजे ज्याला बापाची दौलत घेता येते आणि बापाचे श्राद्ध घालता येते, त्याला बापाची गादी मात्र चालविता येत नाही. महसूल खात्यातला माणूस म्हणून सांगतो, वारसनोंद करताना एखाद्या तलाठ्याने असा शेरा मारला असता तर त्याची वेतनवाढ रोखली गेली असती. डलहौसीच्या बाजूने एक मुद्दा आहे, तो मी दडपून ठेवत नाही. कंपनीने स्वतः निर्माण केलेली किंवा तिच्या अंकित असलेली संस्थाने आणि स्वतंत्रपणे तह केलेली संस्थाने यांत तो भेद करीत असे, आणि शिंदे-होळकरांच्या दत्तकांना त्याने हात घातला नाही. पण हा भेद सत्तेचा होता, धर्मशास्त्राचा किंवा रक्ताचा नव्हता. आमच्याकडे नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ सतराव्या शतकापासून आहे. त्याला मानणाऱ्या प्रांतात नवऱ्याची स्पष्ट आज्ञा नसतानाही विधवेला दत्तक घेता येत असे. नियम आमच्याकडेही होता. तो साहेबाला वाचता येत नव्हता असे नाही, वाचावयाचा नव्हता.

आणि खुद्द डलहौसीचे काय झाले? पंजाब घेतल्याबद्दल १८४९ मध्ये त्याला मार्क्विस ही वरच्या दर्जाची पदवी मिळाली होती. १८६० मध्ये तो वारला. मुली दोन, मुलगा नाही. मार्क्विसपद खालसा! जुने अर्लपद चुलतभावाकडे गेले. त्याच्या मागून आलेल्या लॉर्ड कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या आणि त्याच वर्षी तो निपुत्रिक वारला. त्याचीही पदवी बुडाली. दैवाचा न्याय वगैरे म्हणण्याचा मला मोह होतो, पण तो आवरतो.

निबंधलेखकांनी ज्याचा उल्लेखही केलेला नाही ते वर्ष म्हणजे १८७५. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंटला विष घालण्याचा आरोप आला. चौकशी मंडळात तीन इंग्रज, तीन हिंदी. इंग्रजांनी दोषी म्हटले; हिंदी सभासदांनी दोषी म्हटले नाही. त्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे होते, आणि ते स्वतः दत्तक होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या एप्रिलात मल्हाररावांना गैरकारभाराच्या सबबीवर पदच्युत केले गेले. जाहीरनाम्यात नुसते त्यांना नव्हे, त्यांच्या संततीलाही गादीपासून कायमचे दूर केले. मग खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी देऊन, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गायकवाडांच्या शाखेतला बारा वर्षांचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी गादीवर बसविला गेला. एकवीस वर्षांपूर्वी झाशीत औरस नाही म्हणून राज्य घेतले. बडोद्यात औरस असले तरी नको, दत्तक आणा. दोन्ही वेळा सही इंग्रजांचीच.

तो गोपाळ म्हणजे सयाजीराव महाराज. १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणारे, गावोगाव ग्रंथालये नेणारे, भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन कोलंबियास पाठविणारे. दत्तकामुळे तेज गेले असे म्हणणाऱ्याने बडोद्यात बसून तरी ते म्हणू नये. ग्वाल्हेरीस दौलतरावांच्या मागे जनकोजी आणि त्यांच्या मागे जयाजीराव, दोघेही दत्तक. दत्तकांच्या पायी कारस्थाने झाली नाहीत असे मी म्हणत नाही. बायजाबाई आणि जनकोजी यांचा बेबनाव, १८४३ मधला अज्ञान राजाच्या दरबारातला गोंधळ आणि त्यातून ओढवलेली महाराजपूरची लढाई हे सारे घडले आहे. पण ही घरे मोडली नाहीत, आणि त्यांच्या आश्रयाने आपण, वाचकहो, इथे राहिलो. तुमचे-माझे पूर्वज साताऱ्याहून, पुण्याहून, कोकणातून येऊन या शहरांत स्थिरावले ते औरसांइतकेच दत्तकांच्या चाकरीत.

आणखी एक गोष्ट सांगतो. माझे आजोबा दत्तक होते. पणजोबांना मूल नव्हते, म्हणून चुलतघरातला चौथा मुलगा त्यांनी घेतला. त्या मुलाने त्यांचे म्हातारपण काढले, त्यांची देवपूजा चालविली, आमचे घर उभे केले. तरी लग्नकार्यात पंगत बसली की एखाद्या वृद्ध आत्याबाई ‘ही दत्तकाकडची मंडळी’ असे म्हणत आणि आई मान खाली घालून वाढत राही. आमच्या वंशावळीत आजोबांच्या नावाखाली रेघ तुटक आहे. कोणी काढली ठाऊक नाही. गेल्या अंकातला निबंध वाचताना मला ती तुटक रेघ आठवली. या मताचा उगम धर्मशास्त्रात नाही आणि परंपरेतही नाही. तो १८५४ च्या कलकत्त्याच्या खलित्यात आहे. साहेब गेला, त्याचा खलिता आपण दिवाणखान्यात जपून ठेवला.

आज आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने दत्तकाला दत्तविधानाच्या दिवसापासून औरसाचे सारे हक्क आहेत आणि २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार आहे. इंग्लंडने २०१३ मध्ये सिंहासनापुरती मुलामुलींची बरोबरी मान्य केली; सरदारी पदव्यांना ती लागू केली नाही. सरदारांच्या दत्तक मुलांना २००४ मध्ये एक सवलत मिळाली, ती म्हणजे नावामागे सौजन्याची उपाधी लावण्याची. पदवीचा वारसा त्यांना अजूनही नाही.

निबंधलेखकांचा व्यासंग दांडगा आहे, म्हणून त्यांना एकच विनंती. १८५४ चा झाशीचा निर्णय आणि १८७५ चा बडोद्याचा निर्णय हे दोन्ही ज्या एका नियमात बसतात तो नियम त्यांनी पुढील अंकात उतरून द्यावा. कॅनॉटची सनद आणि फाइफची सनद यांनाही तोच लागू पडत असल्यास अधिक बरे.